पानात पडेल ते

जपानीत 'ओमाकासे' म्हणजे 'तुमच्यावर सोपवले': काय खायचे ते आचारी ठरवणार. टोकियोत गिन्झाच्या एका तळघरात, 'सुकियाबाशी जिरो' या सुशीच्या दुकानातल्या दहाएक खुर्च्यांवर ही शरणागती रीतसर स्वीकारली जाते. निवडीची कटकट नाही, केवढी ही सोय! (आमची आजी हीच सोय फुकट देई, पण तिला मिशेलिन मार्गदर्शिकेचे तारे कोण देणार?) वीसेक घास, जेमतेम अर्धा तास. भात अंगाइतकाच कोमट, सोया सॉसचा कुंचलाही आचारीच फिरवणार. आता चावण्याचे कामही तज्ज्ञांकडे द्यावे. पाहुण्याने फक्त बिल भरावे.

तीन ताऱ्यांचे हे दुकान २०१९ मध्ये मिशेलिनने यादीतून वगळले. चव बिघडली नव्हती. सर्वसामान्यांना तिथे जागाच राखून मिळत नव्हती.