खिसा तोच, कप्पा दुसरा

पोलिसांचे पैसे काढून समाजकार्याला द्यावेत का, यावर अमेरिकेने 2020 साली एवढा घसा कोरडा केला की पैसे द्यायचंच राहून गेलं.

पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर मिनिआपोलिसच्या नऊ नगरसेवकांनी एका उद्यानात मंचावर चढून पोलीस खातं मोडीत काढण्याचं वचन दिलं. पुढच्या वर्षी त्या जागी नवं खातं आणायचा प्रस्ताव मतदारांनीच आपटला. न्यूयॉर्क जास्त हुशार. सुमारे सहा अब्ज डॉलरच्या पोलीस बजेटातून एक अब्ज कमी केल्याची दवंडी पिटली. त्यातली एक युक्ती अशी की, शाळांचे सुरक्षारक्षक शिक्षण खात्याच्या वहीत लिहायचे. माणसं तीच, फाटक तेच. बदलणार फक्त पगाराचा रकाना. पुढे तेवढंही झालं नाही.

घोषणा न देता काम करणारेही होते. ऑरेगनमधल्या युजीन शहरात 1989 पासून 'कहूट्स'ची व्हॅन फिरायची. आत एक वैद्यकीय मदतनीस आणि एक समुपदेशक. बंदूक नाही, बेडी नाही. फुटपाथवर कुणी भ्रमिष्टासारखा ओरडत असला, तर त्याच्या शेजारी बसून त्याला शांत करायचं, लागलं तर दवाखान्यात न्यायचं. कौतुक देशभर झालं. 2025 साली पैशांच्या ओढाताणीत युजीनमधली ती व्हॅन थांबली.

दोन्ही बाजूंचे विद्वान मात्र ठणठणीत आहेत. परिसंवादांच्या बजेटाला अजून कुणी कात्री लावलेली नाही.