चाल जुनी, ग्रह नवा

ऑक्टोबरातल्या एखाद्या शुक्रवारी कोलंबसला उतरणाऱ्या प्रवाशाला विमानतळापासूनच अंतराळाची बाधा होते. विमानतळाला नाव जॉन ग्लेन यांचं. पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालणारे ते पहिले अमेरिकन. पश्चिमेला डेटनमध्ये राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं, आणि वापाकोनेटा नावाच्या गावाजवळ नील आर्मस्ट्राँग जन्मले. अशा ओहायो राज्यात लोकांनी रॉकेटवर गाणी रचावीत यात नवल नाही. नवल याचं, की ती गाणी पहाटेपर्यंत चालतात आणि हॉटेलवाले पोलिसांना बोलावत नाहीत.

ही गाणी जिथे रंगतात त्या मेळ्याचं नाव ओहायो व्हॅली फिल्क फेस्ट. तो सुरू झाला १९८४ मध्ये. फिल्क म्हणजे विज्ञानकथांच्या वेडानं पछाडलेल्या मंडळींचं स्वतःचं लोकसंगीत, आणि त्याचा जन्म टंकलेखनाच्या चुकीतून झालेला आहे. १९५०च्या दशकात ली जेकब्स नावाच्या रसिकानं विज्ञानकथेचा अमेरिकन लोकसंगीतावर झालेला परिणाम असा भारदस्त विषय घेऊन लेख लिहिला आणि शीर्षकात ‘फोक’चं ‘फिल्क’ करून ठेवलं. लेख वाचकांपर्यंत पोचलाच नाही, कारण त्यातला मजकूर इतका चावट होता की टपालखातं कारवाई करील अशी संपादकाला धास्ती वाटली. चूक मात्र त्याला इतकी आवडली की तो ती सगळ्यांना सांगत सुटला. पुढे विज्ञानकथाकार पॉल अँडरसन यांचं एक गाणं छापताना त्यांच्या पत्नी कॅरन यांनी तो शब्द मुद्दाम वापरला, आणि चुकीला घरदार मिळालं.

त्यानंतर कितीतरी वर्षं ही मंडळी विज्ञानकथांच्या संमेलनांत रात्री उशिरा जिन्यात, कोपऱ्यात, जिथून कोणी हाकलत नाही तिथे बसून गात. १९७९ मध्ये शिकागोत नुसत्या गाण्यांचं संमेलन भरलं आणि फिल्क जिन्यातून हॉलमध्ये आलं.

हॉटेलातला पहिला तास लिफ्टपाशी काढावा. शनिवारी ओहायो स्टेट विद्यापीठाचा घरच्या मैदानावर फुटबॉल सामना असेल, तर पाहण्यासारखं बरंच काही असतं. त्यांच्या स्टेडियमात एक लाखाहून जास्त माणसं मावतात, आणि त्यातली काही याच हॉटेलात उतरलेली असतात: लाल जर्सी, लाल टोपी, बाळाचं दुपटंसुद्धा लाल. त्यांच्या शेजारी बारा तारांची गिटार, छोटा हार्प आणि काखेत कापडी ड्रॅगन घेऊन एक गृहस्थ उभा असतो. दोन्ही पक्ष एकमेकांकडे पाहून अत्यंत सभ्यपणे हसतात. प्रत्येकाला वाटत असतं, बिचाऱ्यांना घरी कोणी समजावून सांगितलं नाही वाटतं.

गिटारीपेक्षा जड असते ती फाइल. मुरलेल्या फिल्करच्या हातात चार इंच जाडीची, कड्यांची, पानं निसटू पाहणारी फाइल हवीच. हल्ली टॅबलेटवाले वाढलेत, पण टॅबलेट उघडताना तो धप्प आवाज येत नाही. आत शेकडो गाणी, आणि कित्येकांच्या डोक्यावर ती कोणत्या गाण्याच्या सुरावर म्हणायची याची नोंद. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या वर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या पदाचा मुखडा छापलेला असायचा, तोच हा संसार. फक्त इथे आयरिश खलाशांच्या गाण्याच्या चालीवर मंगळाकडे निघालेलं यान येतं, आणि चर्चमधल्या प्रार्थनेच्या चालीवर संगणकाच्या हार्ड डिस्कचा मृत्यू.

रात्री नऊनंतर मुख्य प्रकार सुरू होतो. खुर्च्या गोल मांडतात. मंच नाही, माइक बहुधा नाही, आणि प्रेक्षक नावाची जात तर अजिबात नाही. नवखा माणूस भिंतीला टेकून ऐकू पाहतो, तेव्हा कोणीतरी खुर्ची सरकवून त्याला गोलात ओढतं. आता त्याची पाळी येणार, आणि नियम असा की पाळी आली की तीनपैकी एक करायचं: स्वतः गायचं, पाळी पुढे ढकलायची, किंवा दुसऱ्या कोणाला आवडीचं गाणं म्हणायला लावायचं. तिसरा मार्ग देवानं पाहुण्यांसाठीच निर्माण केला आहे. काही गोलांत हातात पोकरच्या चकत्या देतात. गायचं असेल तर चकती मध्ये टाकायची. तिसऱ्या प्रकारच्या गोलाला ते सरळ ‘केऑस’ म्हणतात, आणि तिथे ज्याची गिटार आधी वाजेल त्याचं राज्य. मात्र चालू गाण्याच्या विषयाला धरून कोणी गाणं काढलं, तर त्याला आधी वाट मिळते. त्यामुळे एकानं मांजरावर गाणं म्हटलं की पाऊण तास खोलीत मांजरंच फिरतात. दुःखी गाण्यांना यांनी ‘ओस’ असं लाडकं नाव ठेवलंय. एकदा ती रांग लागली की अंतराळयानं बुडतात, यंत्रमानव एकटे पडतात, ग्रह विझतात, आणि शेवटी कोणीतरी हात जोडून आता मांजर आणा म्हणतं.

सूर चुकला तर? चुकतो. मुद्दाम सांगायला हवं, की काही लोक फार सुंदर गातात आणि काही लोक गातात. टाळ्या दोघांना सारख्याच मिळतात. आपल्याकडे शास्त्रीय मैफलीत षड्ज जरा हलला तरी तिसऱ्या रांगेत भुवई उडते. इथे भुवया सुट्टीवर असतात. शब्द विसरणं तर आजारच मानला जातो, आणि त्याला रीतसर नाव आहे: फ्रँक हेज रोग. फ्रँक हेज हे संगणकविषयक स्तंभलेखक आणि नावाजलेले फिल्कर. मांजराला आग लावू नये अशा अर्थाचं त्यांचं गाणं प्रसिद्ध आहे. स्वतःचीच गाणी ते मध्येच विसरत, म्हणून रोगाला त्यांचं नाव चिकटलं. या रोगाचा झटका आला की गायक छताकडे पाहतो आणि खोलीतले पंधरावीस जण ती ओळ एकदम म्हणून टाकतात, कारण ती त्यांना पाठ असते.

सगळ्यात पाठ गाणं म्हणजे ‘बॅन्ड फ्रॉम आर्गो’. लेस्ली फिश यांनी १९७७ मध्ये ‘स्टार ट्रेक’मधल्या जहाजाच्या कर्मचाऱ्यांना सुट्टीवर सोडलं आणि त्यांनी आर्गो बंदरात काय गोंधळ घातला ते सांगितलं. गाणं इतकं पसरलं की त्याच्या विडंबनांचं पुस्तक निघालं आणि काही जाणत्यांना ते ऐकताच डोकं धरावंसं वाटू लागलं. विडंबनाचं विडंबन ही इथली खास मिठाई आहे. बॉब कॅनेफ्स्की हे त्यातले आचार्य. ते फिल्क गाण्यांचीच विडंबनं करतात, आणि आपल्या गाण्याचं त्यांनी वाटोळं केलं की गीतकार ते मानपत्रासारखं मिरवतो. टॉम स्मिथ यांची गंमत निराळी. श्रोत्यांनी विषय फेकावा आणि त्यांनी त्यावर तिथल्या तिथे गाणं जुळवावं, असा त्यांचा लौकिक आहे.

शनिवारी संध्याकाळी मंडळी जरा बरे कपडे घालून मेजवानीला बसतात आणि पेगॅसस पुरस्कार जाहीर होतात. हेही १९८४ पासूनच. परीक्षकमंडळ वगैरे भानगड नाही. फिल्करांनीच सुचवायचं, फिल्करांनीच मत द्यायचं. उत्तम गाणं, उत्तम जुनं गाणं, गायक, गीतकार हे विभाग कायमचे, आणि आणखी दोन दरवर्षी बदलणारे: कधी विनोदी, कधी शोकांत. जेवणाबद्दल एवढंच म्हणावं की गाणी चांगली होती.

आता हसणं थोडं आवरावं लागतं, कारण याच फायलीतून ‘फायर इन द स्काय’ बाहेर येतं. त्याचे कवी जॉर्डिन केअर खगोलभौतिकीचे शास्त्रज्ञ होते. जमिनीवरून लेझरचा झोत मारून यान अवकाशात ढकलता येईल का, यावर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. उडता डास लेझरनं टिपणाऱ्या यंत्रातही त्यांचा हात होता, म्हणजे आपल्याकडे त्यांचा पुतळा व्हायला हरकत नव्हती. २००३ च्या १ फेब्रुवारीला कल्पना चावलांसह सात जणांना घेऊन परतणारं कोलंबिया यान कोसळलं, तेव्हा चंद्रावर चालून आलेले बझ ऑल्ड्रिन टीव्हीवर या गाण्यातले शब्द वाचू लागले आणि त्यांचा कंठ दाटला. केअर २०१७ मध्ये गेले. गोलात हे गाणं निघालं की फायली बंद राहतात, आणि मघाशी मांजरावर गाणारा तोच गृहस्थ खालचा सूर धरतो.

लिलाव मात्र पाहावाच. इंटरफिल्क नावाची संस्था १९९१ पासून एका गावच्या फिल्करला दुसऱ्या गावच्या मेळ्याला पाठवण्यासाठी पैसे उभे करते. त्यासाठी जुन्या कॅसेटी, हातानं विणलेले परग्रहवासी, कोणाच्या तरी माळ्यावरची गाण्यांची पुस्तकं असा माल बोलीला निघतो. कॅसेट वाजवायचं यंत्र घरी नसलेली माणसं ती कॅसेट घेण्यासाठी हिरीरीनं बोली वाढवतात.

रविवारी दुपारी समारोप होतो, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं असतं. त्या रात्री जे उरतात ते पुन्हा गोल मांडतात, आणि त्या बैठकीला ‘डेड डॉग’ म्हणतात. घसे बसलेले, खोकल्याच्या गोळ्यांचे कागद जमिनीवर, आणि उरलेली बिस्किटं मध्यभागी. पाहुणा अशा वेळी धीर करून पाळी पुढे ढकलायचं सोडतो आणि भसाड्या आवाजात आरतीच्या चालीवर शनीची कडी ओवाळतो. भाषा एकालाही कळत नाही, पण दुसऱ्या कडव्यापासून सगळे ठेका धरतात, आणि शेजारी विचारतो, फाइलमध्ये ठेवायला प्रत मिळेल का?

मग पुढच्या वर्षाचं बोलणं निघतं. जानेवारीत अटलांटा आणि सिॲटल, फेब्रुवारीत ब्रिटन, पुढे कॅनडा. जर्मनीतल्या मंडळींनी तर फ्रॉइसबुर्गच्या डोंगरावरचा जुना किल्लाच धरला आहे. आत आता युवक वसतिगृह आहे. एकावर एक पलंग, पहाटेपर्यंत गाणी. पाहुणा फक्त एवढंच विचारून घेतो, की वरचा पलंग मिळाला तर शिडी असते ना.