हवा खाणारे कर्मचारी

मैलाशुद्धीकरण प्रकल्पाच्या उद्घाटनाला मंत्री येतात, महापौर येतात. फीत कापतात, टाकीची खोली विचारतात आणि नाकाला रुमाल लावून परततात. खरं काम करणाऱ्यांची ओळख मात्र कुणी करून देत नाही. ते टाकीतच असतात. जिवाणू. पगार नाही, युनियन नाही, दिवाळीला बोनस नाही. मागणी एकच : चोवीस तास हवा.

नेमकी तीच महाग. पाण्यात हवा फुंकणारे ब्लोअर अशा प्रकल्पाच्या वीजबिलातला साधारण निम्मा वाटा खातात. त्यामुळे काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर. मोठ्या गृहसंकुलाच्या सभेत बसून बघा. प्रवेशद्वारावरच्या रोषणाईला टाळ्या वाजवून मंजुरी, संकुलाच्या मैलाशुद्धीकरण प्रकल्पाचं, म्हणजे एसटीपीचं, बिल आलं की ‘यात काही कमी होईल का?’ मग रात्री ब्लोअर बंद, सकाळी लॉगबुकात चालू. ऑपरेटरचं अक्षर बहुधा सुरेख असतं. हवा तुटते, जिवाणू गुदमरतात, टाकी कुजते आणि पाचव्या मजल्यावरून तक्रार येते, की एसटीपीचा वास येतो, तो कायमचाच बंद करा!

जिवाणूंकडून पाणी शुद्ध करून घेण्याची ही विद्या कालपरवाची नव्हे. 1914 साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मैलापाण्यात हवा सोडली आणि तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात कालवला. त्या गाळात कामाला सरावलेले जिवाणू होते. आठवड्यांचं काम तासांवर आलं. या दोघांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवायला आले. तेव्हा ज्ञान उशिरा पोचलं ही सबब बाद.

राहिली क्षमता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. प्रकल्प उभे आहेत 31,841 दशलक्ष लिटरचे, आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं 20 हजारांच्या आसपास. पहिल्या दोन आकड्यांतली दरी पैशांची, असं समजू. पण पुढची? टाक्या बांधून झाल्या, फीतही कापली. कुठे गटारच प्रकल्पापर्यंत पोचलेलं नाही, कुठे ब्लोअर ‘दुरुस्तीला गेलाय’.

उद्योगांची तऱ्हा आणखी तिखट. औद्योगिक वसाहतीत सगळ्यांचा मिळून एक सामाईक सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, म्हणजे सीईटीपी, असतो. प्रत्येक कारखान्यानं आम्ल-क्षार आपल्या आवारातच निस्तरून, ठरलेल्या मर्यादेतलं पाणीच पुढे सोडायचं, असा नियम. एखादा सभासद मात्र मध्यरात्रीचा किंवा धो-धो पावसाचा मुहूर्त गाठतो. त्या एका लोटात टाकीतले सगळे कर्मचारी गार! नवी भरती व्हायला आठवडे लागतात आणि नोटीस निघते ती सीईटीपीच्या नावे. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या डोंबिवलीकरांनी 2014 मध्ये हिरवा पाऊस पाहिला, 2020 मध्ये गुलाबी रस्ता. रंगपंचमीचा खर्च तेवढा वाचला.

तपासणीचं तर विचारूच नका. पाण्यातली घाण मोजणारी बीओडी चाचणी आपल्याकडे 27 अंशांवर 3 दिवस चालते. निकाल हाती येईतो पुण्याच्या मुळा-मुठेत सोडलेलं पाणी भीमेतून उजनी धरणाच्या वाटेला लागलेलं असतं आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. अहवालाची प्रत तिकडे धाडायची पद्धत नाही.

नागपुरात वेगळंच. भांडेवाडीला शुद्ध झालेलं मैलापाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं. गिऱ्हाईक पैसे मोजतं, त्यामुळे माल ठरल्या प्रतीचा लागतो आणि ब्लोअर रात्री झोपवून चालत नाही. मुठेनंही काठावर एखादं वीजकेंद्र काढून बघावं. परवानगीसाठी अर्ज पुणे महापालिकेतच करावा लागेल, एवढीच अडचण.