भाऊ, तेवढा सिग्नल सोडा

चौकात गाडी वळवताना चालकाला एका दमात काय काय ध्यानात ठेवावं लागतं ते बघा. सिग्नलचे उरलेले सेकंद, डावीकडून घुसणारी दुचाकी, झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकलेल्या आजी, आरशात दिसलेली बस. झाल्या चार गोष्टी. डोक्यातली जागा इथेच संपते.

१९९७ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी लोकांना पडद्यावर रंगीत चौकोन दाखवले, तेही सेकंदाच्या दहाव्या भागापुरते. मग जवळजवळ सेकंदभर कोरा पडदा आणि पुन्हा चौकोन. रंग बदलला का, एवढंच सांगायचं. तीन चौकोनांपर्यंत उत्तरं जवळपास बिनचूक, चारापासून घसरण सुरू. पाहिलेलं क्षणभर धरून ठेवणारी ही दृश्य कार्यस्मृती. ती एवढीच असते.

आता त्याच चौकात मान वर करा. वाढदिवसाचा फ्लेक्स. मधोमध भाऊ, वर साहेब, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो, तीन रांगा.

‘बघायचं नाही, झालं!’ असं म्हणणाऱ्यांनी व्होगेल आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा प्रयोग समजून घ्यावा. लाल पट्ट्या लक्षात ठेवा, निळ्या सोडून द्या, अशी सूचना होती. समोर दोन लाल, दोन निळ्या. डोक्याच्या मागच्या बाजूला लावलेल्या इलेक्ट्रोडवरून मेंदूनं किती पट्ट्या धरल्यात याचा अंदाज घेतला. ज्यांची स्मृतिक्षमता जास्त, त्यांचा मेंदूतला संकेत दोन पट्ट्यांइतकाच. ज्यांची कमी, त्यांचा जवळपास चार पट्ट्यांइतका! सूचना ऐकूनही त्यांच्या डोक्यात निळ्या पट्ट्या शिरल्याच. आत कुणाला घ्यायचं आणि कुणाला दारातच अडवायचं, हे लक्षाचं काम. ते सगळ्यांना सारखं जमत नाही.

आणि त्या तर नुसत्या पट्ट्या होत्या. माणसाच्या चेहऱ्याकडे नजर आपसूक ओढली जाते. दिवसभर राबून घरी निघालेल्या रिक्षावाल्यानं, नुकता परवाना हातात पडलेल्या पोरानं तीन रांगा चेहरे डोक्याबाहेर ठेवावेत, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हा सांगाड्यांच्या मजबुतीची चौकशी झाली. व्हायलाच हवी होती. पण धडधाकट उभा असलेला फलक चालकाच्या लक्षावर रोज हात मारतो, त्याची चौकशी कधी? बेकायदा फलक उतरवायचे आदेश मुंबई उच्च न्यायालयानं अनेकदा दिलेत. शहराचं विद्रूपीकरण होतं हे खरंच, पण माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न रस्ता ओलांडणाऱ्या आजींच्या जिवाचा आहे. म्हणून चालकाच्या नजरेत सिग्नलच्या जोडीला एकही फ्लेक्स येता कामा नये. परवानगी असो वा नसो, भाऊ सत्तेतले असोत की विरोधातले.