स्टिकरार्थ मुलूखगिरी

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबरच उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी येऊ लागली आणि कालांतराने जुन्या गाड्यांवरही तोच हुकूम बजावण्यात आला, त्यामुळे देशाच्या सुरक्षिततेत किती भर पडली हे सरकार जाणे. भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या हमरस्त्यावर रेडियमचे दुकान थाटून बसलेल्या माझ्या भाच्याच्या उत्पन्नाला मात्र त्या हुकमाने चांगलीच कात्री लागली. 'एमएच-३६' ही अक्षरे नाना वळणांनी कापण्यात ज्याचे तारुण्य खर्ची पडले, त्याला आता 'आईचा आशीर्वाद' आणि 'पाहा पण प्रेमाने' एवढ्याच वाङ्मयावर गुजराण करणे भाग होते. इकडे बचत गटाच्या बाया लोणच्याच्या बरण्यांसाठी, तांदळाचे व्यापारी चिन्नोरच्या पिशव्यांसाठी आणि जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतले कामगार पोराबाळांच्या वाढदिवसासाठी रंगीत स्टिकर मागू लागले होते, आणि याच्यापाशी यंत्र होते ते केवळ कापणारे.

"मामाजी, छापाचं यंत्र घ्याले नागपूरले जातो, तुमी संगं चला. दुकानदार मले गुंडाळून टाकतीन. तुमी तहसिलीत होते ना जी," असा अर्ज त्याने तोंडी गुदरला, आणि उभा जन्म दाखल्यांवर शिक्के मारण्यात गेल्यामुळे मुद्रणकलेतील आपला अधिकार वादातीत आहे, अशा समजुतीने मी तो तत्काळ मंजूर केला.

आता भंडारा या जिल्ह्याच्या ठिकाणाला आगगाडी नाही असे नाही. परंतु 'भंडारा रोड' नावाचे स्थानक वरठीस असून, गावाचे नाव आपण घ्यावे व गावाने दूर राहावे, हा रेल्वेचा जुना शिरस्ता तेथेही पाळलेला असल्याने आम्ही शहापूरच्या थांब्यावरून एसटीच पकडली. मला वयपरत्वे अर्धे तिकीट, बहुसंख्य प्रवासी स्त्रिया म्हणून त्यांनाही अर्धे. जवळपास अख्ख्या बसमध्ये पूर्ण तिकिटाचा मानकरी एकटा भाचाच होता, आणि हे दुःख तो कन्हान नदी ओलांडेपर्यंत विसरला नाही. त्यातच माझ्या पिशवीतून आंबट-तिखट असा दरवळ सुटला. यंत्राची परीक्षा घ्यावी लागेल या हिशेबाने मी एका बाटलीत पाणी आणि दुसरीत घरच्या लोणच्याचे तेल घेतले होते, आणि मौद्याच्या गतिरोधकाने तेलाच्या बाटलीचे बूच सैल केले होते. शेजारच्या बाईंनी भाकरी आहे काय म्हणून विचारले, यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

गणेशपेठेच्या आगारातून सीताबर्डीस पोहोचलो. ज्या टेकडीपाशी १८१७ साली भोसल्यांची व इंग्रजांची लढाई जुंपली, तिच्या छायेत हल्ली संगणकांचे दुकानदार गिऱ्हाइकांशी लढतात. फरक इतकाच की येथे प्रथम चहा देतात.

पहिल्या दुकानातील टायधारी तरुणाने लेसर यंत्राची तरफदारी आरंभिली. वेग अफाट, शाई वाळण्याची भीती नाही, पान कोरडेच बाहेर येते. मी नम्रपणे पृच्छा केली की या यंत्रातली भुकटी कागदावर वितळवून बसवण्यासाठी आतील रूळ सुमारे २०० अंशांपर्यंत तापतो म्हणतात आणि पीव्हीसी तर ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते, तेव्हा आमचा साधा पीव्हीसीचा चिकट कागद आत गेला तर बाहेर येईल की रुळाशी कायमचा संसार थाटील? तरुणाने टाय सैल केला आणि तो साहेबांना विचारून येतो म्हणून जो गेला, तो आमचा चहा संपला तरी परतला नाही.

पुढच्या दुकानात शाईच्या टाक्या असलेले स्वस्त यंत्र होते आणि त्याने छापलेला नमुना खरोखर नेत्रसुखद होता. हिरवेगार शेत, त्यावर पिवळ्या अक्षरांत 'शुद्ध भंडारा चिन्नोर'. भाचा तर खिशात हात घालून उभाच राहिला. मी पाण्याची बाटली काढली, अंगठा भिजवला आणि नमुन्यावरून सावकाश एकदा फिरवला. शेत वाहून अक्षरांत शिरले, 'शुद्ध'मधला 'शु' माझ्या अंगठ्यावर आला व नमुन्यावर नुसता 'द्ध' उरला.

"काकाजी, तांदळाचं स्टिकर पाण्यात कोण बुडवते?" दुकानदार कळवळून म्हणाला.

"आषाढात आमचा अख्खा जिल्हाच पाण्यात उभा असतो," मी म्हणालो.

तेव्हा त्याने खालच्या आवाजात कबुली दिली की ही 'डाय' शाई, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. पाणी भेटले की पुन्हा माहेरी जाणारच, आणि उन्हात तर ती फिकी पडतेच. 'पिगमेंट' शाईत रंगाचे सूक्ष्म कण न विरघळता तरंगत असतात, ते कागदावर ठाण मांडतात. पण ते यंत्र महाग, आणि रंगही जरा कमी भडक. अप्रिय सत्य स्वतः होऊन सांगणारा दुकानदार मला सीताबर्डीत एवढाच भेटला.

त्यानंतरही भाच्याच्या आग्रहास्तव आम्ही इको-सॉल्व्हेंट यंत्र पाहिलेच. ते यंत्र नव्हे, पलंगच. व्हिनाइलच्या कायेत शाई मुरवते, छापते आणि तिथल्या तिथे हाफ कटही करते, म्हणजे वरचा स्टिकर कापून खालच्या मेणचट कागदाला धक्का लावत नाही. किंमत लाखांच्या घरात. भाच्याच्या डोळ्यांत मला थेट तारण म्हणून शेताचा सातबारा दिसू लागला, म्हणून मी घाईने विचारले, "काळ्या बुलेटवर पांढरी अक्षरे हवी असली तर?" विक्रेता थबकला. या यंत्रात पांढरी शाई नाही. ती हवी तर याहून थोरले यंत्र. सारे विश्व रंगवणाऱ्या या मंडळींना पांढऱ्याचे एवढे वावडे असावे, हे मला ठाऊक असूनही दर वेळी विलक्षण वाटते. मुळात पांढरेपण कागदाने पुरवावे, अशीच त्यांची अपेक्षा असते.

रस्त्याच्या कडेला संत्र्याचा रस पीत मी निवाडा दिला. बरण्या-पिशव्यांसाठी पिगमेंट शाईचे ए-३ यंत्र आणि वरून कोल्ड लॅमिनेशनचे पारदर्शक आवरण. गाड्यांच्या, उन्हातान्हाच्या मोठ्या कामासाठी नागपुरातल्याच कोणाच्या तरी पलंगावर चौरस फुटाच्या दराने छापून घ्यावे. आणि पांढरी अक्षरे पूर्वीप्रमाणे पांढऱ्या व्हिनाइलची कापावीत. १९३५ साली लॉस एंजेलिसमध्ये स्टॅन्टन एव्हरी यांनी मागे स्वतःचाच डिंक वागवणारे लेबल बनवायला घेतले, तेही भाड्याच्या जागेत आणि उसनवारीच्या भांडवलावर, हेही मी त्यास ऐकवले. लोणच्याच्या तेलाची परीक्षा पिगमेंटचा नमुना उत्तीर्ण झाला होताच.

दुकानावर टिनाचे छप्पर आणि समोर ट्रकांची धूळ, सबब यंत्राची स्थापना माझ्या ओसरीवर झाली. वैशाखात शाई नळीच्या तोंडाशी वाळते, आणि मग तोंड साफ करण्यातच निम्मी शाई जाते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी सर्व रंगांत काहीतरी छापत जा, असे विक्रेत्याने बजावले होते. भाच्याने ते रोजचे व्रत केले. हळदीच्या डब्यावर 'हळद' लागली, तुळशीवृंदावनावर 'तुळस' लागली, इथवर त्याच्या मामीने कौतुकच केले. पण परवा माझ्या आरामखुर्चीच्या पाठीवर 'येथे वाहने उभी करू नयेत' अशी लाल-पिवळी पट्टी आढळली, तेव्हा मी ती नखाने खरवडली, पाण्याने भिजवली, अखेर लोणच्याचे तेलही चोळून पाहिले. लॅमिनेशन उत्तम बसले आहे. तेलाने अक्षरांना फक्त चकाकी आली.