वाईट नाही

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील चिंचपाडा स्थानकाच्या बाकावर सायंकाळी जी मंडळी गाडीत बसण्यासाठी नव्हे, तर गाडी पाहण्यासाठी येऊन बसतात, त्यांत नवापूरच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या आप्पांचा मान पहिला. आणि एखाद्या गोष्टीची स्तुती करावयाची असता तिच्या दोषाचा तेवढा इन्कार करून थांबण्याची विद्या ज्याला हस्तगत करावयाची असेल, त्याने अलंकारशास्त्राचे ग्रंथ उघडण्यापूर्वी या बाकावर घटकाभर टेकावे. गाडी घड्याळाच्या ठोक्याला आली, तर आप्पा म्हणतात, "फारशी चुकली नाही." उरलेला खानदेश आभाळाकडे डोळे लावून बसलेला असताना नवापूर तालुक्यातील भाताची खाचरे तुडुंब भरून रस्त्यावर वाहू लागली, तर "पाऊस अगदीच नाही असे नाही."

नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. तेथे कोणा परगावच्या प्रवाशाने "हे महाराष्ट्रातच ना?" असे विचारले असता आप्पा उत्तरले, "महाराष्ट्रात नाही असे नाही." त्यांच्या या भाषेने कमीही नाही आणि जास्तही नाही असे नेमके सत्य सांगितल्याचा एवढा एकच प्रसंग माझ्या ऐकिवात आहे.

या वाणीचे मूळ स्वभावात शोधू नये. ते दप्तरात आहे. ज्याने कागदावर "ठीक आहे" असा शेरा मारला तो पुढे चौकशीत सापडतो, आणि ज्याने "गैर दिसत नाही" असे लिहिले तो सुखाने पेन्शन खातो, हे ज्ञान कारकुनास नोकरीच्या पहिल्या वर्षीच होते. खुद्द सरकारला तरी कशाचा आनंद कधी झाला आहे? फार तर त्याची हरकत नसते, आणि तेवढ्याचाही दाखला मिळवण्यासाठी रयतेला हेलपाटे घालावे लागतात. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला तेव्हा गावोगावी पेढे वाटले गेले असतील. आप्पांनी मात्र "आता धुळ्याला जावे लागणार नाही," एवढ्यावर तो सोहळा आटोपला. सौभाग्यवतींनी या भाषेचा कोश मनातल्या मनात केव्हाच रचलेला असून, "भाजी खाण्यासारखी नाही असे नाही" हे शब्द कानी पडताच त्या मुकाट्याने दुसरी वाढ करतात.

२००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात निघाला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि ज्यांनी नवापूर कधी नकाशात पाहिले नव्हते ते वार्ताहर तेथे मुक्कामास आले. त्यांतील एकास आप्पांनी परिस्थिती निवेदन केली: "कोंबड्यांची प्रकृती यंदा म्हणावी तशी नाही." हसू नये. दोन अणुबाँब पडून गेल्यावर, १५ ऑगस्ट १९४५ रोजी, जपानच्या सम्राटाने आकाशवाणीवरून प्रजेला हेच सांगितले होते, की युद्धाने घेतलेले वळण जपानच्या हिताचेच आहे असे नाही. सम्राटास तहसील कचेरीचा अनुभव नव्हता, हे लक्षात घेता त्याची कामगिरी सामान्य म्हणता येणार नाही.

(पाहा, हा संसर्ग होतो.)

काश्मीरच्या जयापीड राजाचा मंत्री समजला जाणारा वामन याने आठव्या शतकात 'काव्यालंकारसूत्रा'त नियम घालून दिला आहे, की संभाव्य निषेधाचे निवारण करावयाचे असेल तेथे दोन निषेध योजावेत. वामनाने दोनांवर थांबण्यात जे शहाणपण दाखवले ते आप्पांपाशी नव्हते. शेजारच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलीसाठी स्थळ पाहण्यास त्यांना भरवशाने पाठवले. मुलगा सालस, नोकरी कायम, सुपारीच्या खांडाचेही वावडे. परत येऊन आप्पांनी अहवाल सादर केला: "मुलगा निर्व्यसनी नाही असे म्हणता येणार नाही." गृहस्थ पापभीरू; त्यांनी रात्रभर अंथरुणावर पडून बोटांवर नकार मोजले, त्यांत 'निर्' हा उपसर्ग नजरेतून सुटला, आणि सकाळी नकाराचे पत्र टपालात पडले.

आप्पांना हे समजले तेव्हा सहाची गाडी फलाटाला लागत होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मोजणी अगदीच बरोबर नाही."