एका खांद्याची कैफियत

नगर जिल्ह्याच्या उत्तरेकडील मनुष्याला पाणी, ऊस आणि निवडणूक या तीन विषयांवर बोलावयास कोणाचे वकीलपत्र लागत नाही, हे सर्वश्रुत आहे. परंतु मानवी खांद्याची अंतर्रचना हा चौथा विषय आमच्या श्रीरामपूरच्या दप्तरी दाखल झाला तो गावचाच वेगवान गोलंदाज झहीर खान याच्यामुळे, आणि तो असा काही दाखल झाला की, ज्या मंडळींनी उभ्या आयुष्यात खांद्याचा उपयोग उपरणे टाकण्यापलीकडे केला नव्हता, तीच मंडळी १५ ऑक्टोबर २०१५ च्या सायंकाळी निष्णात अस्थितज्ज्ञाच्या मुद्रेने ‘वाटीतलं वंगणच संपलं हो’ असे एकमेकांस सांगू लागली. त्या दिवशी झहीरने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली होती. नव्या हंगामाच्या तयारीस लागलो तेव्हा ध्यानात आले की, दिवसाला १८ षटके टाकण्याचे कष्ट हा खांदा आता सोसणार नाही, अशा आशयाचा खुलासा त्याने केला होता. आणि खुलासा म्हटला की त्यावर हरकत घेणे हा आमच्या तालुक्याचा वंशपरंपरागत हक्क आहे.

आमचा इजलास भरतो तो रेल्वे स्थानकाच्या बाजूच्या एका चहाच्या टपरीवर. गाव श्रीरामपूर, पण स्थानकावरची पाटी बेलापूर अशी. त्यामुळे परगावचा उतारू गाडीतून उतरल्याबरोबर ‘श्रीरामपूर केव्हा येईल?’ असे विचारतो आणि आम्ही त्याला चहा पाजून तो पोहोचला असल्याची बातमी सावकाश देतो. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, आणि भंडारदऱ्याचे पाणी जायकवाडीला सोडावयाचे की नाही, या प्रश्नावरून नगरकर आणि मराठवाडेकर यांच्यात जी रणधुमाळी माजली होती तिचे प्रतिध्वनी आमच्या बाकड्यांवर दिवसातून दोनदा तरी उमटत. अशा ऐन भरात असलेल्या पाण्याच्या खटल्याची सुनावणी त्या सायंकाळी एका खांद्यासाठी तहकूब झाली, यावरून प्रसंगाचे गांभीर्य वाचकांच्या लक्षात यावे.

पहिली हरकत घेतली ती भाऊसाहेबांनी. भाऊसाहेब महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून सेवानिवृत्त झालेले. पृथ्वीवरील यच्चयावत् मनुष्यमात्राचे एक सेवापुस्तक असते आणि त्यातील नोंदींवर वरिष्ठांची सही असल्याशिवाय मनुष्य जन्मासही येत नाही, अशी त्यांची श्रद्धा. “सदतिसाव्या वर्षी निवृत्ती?” ते म्हणाले. “अहो, सदतिसाव्या वर्षी मला पहिली बढती मिळाली! आणि खांदा दुखतो म्हणता, तर सिव्हिल सर्जनचा दाखला कुठं आहे? अर्जित रजा शिल्लक असेल, ती घ्या, परावर्तित घ्या, नाहीच जमलं तर हलकं काम मागा, पण राजीनामा?” वेगवान गोलंदाजास हलके काम कोणते द्यावयाचे, या प्रश्नावर मग पाऊण तास चर्चा झाली आणि ‘स्लिपमध्ये उभे करावे’ या सूचनेस सर्वाधिक अनुमोदन मिळाले, कारण सूचना करणाऱ्यास आणि अनुमोदन देणाऱ्यांस आपल्या नोकरीच्या उत्तरार्धात आपण नेमके तेच केले होते, याची मनोमन जाणीव असावी.

वास्तविक पाहता शरीरशास्त्राचे आमचे शिक्षण एका दिवसाचे नव्हते. ते झहीरच्या एकेका अवयवागणिक झाले. २००३ च्या डिसेंबरात ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने ९५ धावांत ५ बळी टिपले आणि आम्ही पेढ्यांची मागणी नोंदवीत आहोत तोच त्याच्या मांडीमागच्या स्नायूने असहकार पुकारला. ‘हॅमस्ट्रिंग’ हा शब्द आमच्या बाजारपेठेत आला तो त्या आठवड्यात, आणि तो इतका लोकप्रिय झाला की, पुढे कित्येक महिने शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सर्वांच्या किरकोळ रजेच्या अर्जांत तापाची जागा त्याने घेतली. २००७ च्या अखेरीस मेलबर्नला टाचेने दगा दिला. २०११ च्या जुलैत लॉर्ड्सवर १३.३ षटकांत अवघ्या १८ धावा देऊन आणि २ बळी घेऊन तो जो मैदानाबाहेर गेला, तो त्या मालिकेत परतलाच नाही. आणि भारत ती मालिका ४-० अशी हरला. त्या षटकाचे उरलेले तीन चेंडू पडले असते तर इंग्लंडचे काय झाले असते, याचा हिशेब आमच्याकडे अद्याप चालू आहे.

जर-तरचा हा इतिहास आमच्या गावाइतका तपशीलवार अन्यत्र कोणी लिहिला नसेल. ॲडलेडला झहीर नव्हता म्हणून इरफान पठाणला पदार्पण करता आले, आणि मेलबर्ननंतर झहीर मायदेशी परतला म्हणून सिडनीला इशांत शर्मा उतरला. तेव्हा या दोघांच्या कारकिर्दींचा काही हिस्सा तरी श्रीरामपूरच्या खात्यावर जमा व्हावयास हवा, असे आमच्या वकीलसाहेबांचे प्रामाणिक मत आहे. मात्र २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील ते पहिले षटक, ज्यात १५ धावा गेल्या, ते त्याने तंदुरुस्त असताना टाकले, ही गोष्ट कोणी काढली की वकीलसाहेब ताबडतोब चष्मा पुसू लागतात आणि चष्मा पुसून झाला की २ एप्रिल २०११ च्या वानखेडेवरील अंतिम सामन्यातील पहिली ५ षटके काढतात: ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. बाकीच्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या, हे ते सांगत नाहीत. अशील आपला असेल तर कागदपत्रे कोठवर वाचावयाची, हे वकिलास शिकवावे लागत नाही.

त्या सायंकाळी वकीलसाहेबांनी केवळ युक्तिवाद केला नाही, तर प्रात्यक्षिकही केले. भज्यांच्या टोपलीशेजारचा एक गावठी कांदा त्यांनी डाव्या हातात घेतला, धावत येताना झहीर जसा चेंडू उजव्या हाताआड झाकून आणी, जेणेकरून चकाकी कोणत्या बाजूस आहे हे फलंदाजास कळू नये, तसा तो दोन्ही तळव्यांत दडविला, गल्ल्यापासून चार पावले धावले, आणि त्या सुप्रसिद्ध उडीच्या ऐन क्षणी त्यांच्या काळ्या कोटाचा खिसा बाकड्याच्या खिळ्यात अडकला. खिसा टर्रकन उसवला. कांदा मात्र निष्ठेने पुढे गेला, दूधवाल्याच्या कॅनला टप्पा देऊन वळला आणि थेट गटारात पडला. “नो बॉल,” चहा गाळता गाळता मान वर न करता टपरीवाले मामा म्हणाले, “आणि कांद्याचे दोन रुपये.” वकीलसाहेबांनी दोन्ही निकाल विनाअपील मान्य केले, परंतु त्यांचा उजवा हात त्यानंतर बराच वेळ डाव्या खांद्यावरून फिरत होता.

खांदा चोळीत चोळीतच त्यांनी त्या सायंकाळचा मुख्य ठराव मांडला. झहीर खान यास वेगवान गोलंदाज म्हणून निवृत्त होऊ देणे हा त्याच्यावर अन्याय असून त्याची नोंद अष्टपैलू खेळाडू म्हणून व्हावी, असा मसुदा होता. येथे भाऊसाहेब अपेक्षेप्रमाणे उसळले. ९२ कसोटींत ३११ बळी आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२, हा गोलंदाजीचा उतारा त्यांना बिनतक्रार मान्य होता. पण कसोटीतील १२३१ धावा, त्याही जेमतेम १२ च्या सरासरीने, एवढ्या क्षेत्रावर अष्टपैलूपणाचा फेरफार कोणता तलाठी मंजूर करील, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

वकीलसाहेबांनी ढाक्याचा पुरावा पेश केला. डिसेंबर २००४: सचिन तेंडुलकरने तेथे गावसकरांच्या ३४ शतकांची बरोबरी केली, ही गोष्ट साऱ्या देशास पाठ आहे, पण त्या नाबाद २४८ च्या दुसऱ्या टोकाला अकराव्या क्रमांकावर येऊन ७५ धावा कोणी काढल्या, हे विचारले की अन्य जिल्ह्यांतील लोक आढ्याकडे पाहू लागतात. शेवटच्या गड्यासाठी १३३ धावांची भागी झाली आणि १९५२ साली दिल्लीस हेमू अधिकारी व गुलाम अहमद यांनी पाकिस्तानविरुद्ध केलेला १०९ धावांचा विक्रम मोडला. पुढे २०१२ मध्ये वेस्ट इंडीजच्या टिनो बेस्टने ९५ धावा करीपर्यंत जगातील कोणत्याही अकराव्या फलंदाजास कसोटीत ७५ ची रेघ ओलांडता आली नाही. आता, कालव्याच्या लाभक्षेत्रात ज्याचे आयुष्य गेले त्यालाच या पराक्रमाचे खरे मोल कळेल. टेलच्या शेतकऱ्यास आवर्तनाचे पाणी पोहोचत नाही, हा आमच्याकडील सृष्टिनियम होय. वरच्यांनी दारे फोडून, मोटारी टाकून, पाणी अडवून जे काही खाली सोडावे ते चारीच्या मुखाशीच जिरते आणि टेलवाला अर्ज लिहीत बसतो. भारतीय फलंदाजीची वहिवाट याहून निराळी नव्हती. अशा स्थितीत साक्षात टेलच्या वाफ्यात ७५ धावांचे पीक उभे राहिले, हे ऐकताच बाकड्याच्या कडेला इतका वेळ मौन धरून बसलेल्या एका ऊस उत्पादकाच्या डोळ्यांत पाणी आले. आवर्तनाविना आलेले त्या मोसमातील पहिले पाणी ते.

वारा अनुकूल पाहून वकीलसाहेबांनी जोधपूरही काढले. डिसेंबर २००० मध्ये झिंबाब्वेविरुद्ध शेवटच्या षटकात हेन्री ओलोंगा याला सलग ४ षटकार ठोकणारा तो नवखा पोरगा म्हणजे आमचाच. पण भाऊसाहेबांनी फाईल पुरती वाचली होती. “तो सामना आपण हरलो,” ते म्हणाले. “एका गड्यानं.” यावर कोणाजवळ उत्तर नव्हते.

इतक्यात संगमनेरहून सोयरिकीसाठी आलेल्या एका पाहुण्याने, कोणी मत विचारले नसताना, अजिंक्य रहाणे हा मूळचा संगमनेर तालुक्यातील आणि त्यास षटकार मोजून दाखवावे लागत नाहीत, असे निवेदन केले. जिल्ह्याचे विभाजन होऊन नव्या जिल्ह्याचे मुख्यालय श्रीरामपुरास यावे की संगमनेरास, हा तंटा ठाऊक असलेल्यास पुढील दहा मिनिटांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पाहुण्यास सोयरीक लाभली की नाही, मला कळले नाही.

तसे पाहिले तर झहीरवर हक्क सांगणारे आम्हीच एकटे नव्हतो. मुंबईस सुधीर नाईकांनी त्याला घडविले, बडोद्याने त्याला रणजीत उतरविले आणि परत मुंबईनेच आपल्याकडे ओढून घेतले. २००६ साली वूस्टरशायर परगण्याच्या लोकांनीही एका हंगामात त्याच्याकडून ७८ बळी वसूल केले. आमच्याकडे उरले ते त्याचे शालेय दाखले, आणि लोणीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याने अर्धवट टाकलेला अभ्यासक्रम. ‘इंजिनिअर देशात उदंड आहेत, तू वेगवान गोलंदाज हो’, असे वडिलांनी त्यास सांगितल्याचे सर्वत्र सांगतात. ही आख्यायिका आमच्या गावातील पालकही मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि सांगून झाल्यावर आपापल्या मुलास क्लासला धाडतात.

मला स्वतःला या सर्व वादंगात राहून राहून आठवत होते ते वेलिंग्टन. २०१४ चा फेब्रुवारी. ब्रेंडन मॅकलम त्रिशतकाकडे निघालेला, न्यूझीलंडचा डाव ६८० वर जाऊन थांबला, आणि त्या एका डावात पस्तिशी उलटलेला, मांडी, टाच व खांदा यांच्याशी वर्षानुवर्षे वाटाघाटी करीत आलेला हा मनुष्य ५१ षटके टाकता झाला. ५१ षटके म्हणजे तीनशेहून अधिक वेळा धावत येणे, तितक्याच वेळा उडी घेणे आणि साऱ्या देहाचा भार एका पायावर झेलून डावा खांदा गरकन फिरविणे. याच्या शेवटी पदरी १७० धावांत ५ बळी. तीच त्याची अखेरची कसोटी ठरली. मी तो खेळ पहाटे गोधडी लपेटून पाहिला, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या चेंडूची गती कमी झाल्याचे पाहून, कूस बदलीत, ‘आता याच्यात काही राम राहिला नाही’ असा शेराही मारला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्याची आपल्याकडे मोठी ख्याती आहे; आमच्या गावाने तर ती १५ वर्षे एकाच खांद्यावर ठेवली, आणि तो दुखू लागला तेव्हा त्याच्याकडेच जाबजबाब मागावयास बसले.

ठराव त्या दिवशी संमत झाला नाही. पाचच दिवसांनी वीरेंद्र सेहवागनेही निवृत्ती पत्करली आणि चर्चेस नवे अपील दाखल झाले. पुढे असे निष्पन्न झाले की, झहीर आयपीएलमध्ये खेळतच राहिला, २०१६ आणि २०१७ मध्ये दिल्लीच्या संघाचा कर्णधारही झाला. दिवसाला १८ षटके न सोसणारा खांदा ४ षटके मात्र सोसत होता. भाऊसाहेबांना याचा केवढा आनंद! हलक्या कामाची त्यांची शिफारस कोणीतरी वरच्या दप्तरात वाचली असल्याची त्यांची खात्री पटली. त्यानंतर मुंबई इंडियन्सचा क्रिकेट संचालक आणि पुढे २०२४ साली लखनऊच्या संघाचा मार्गदर्शक, अशा त्याच्या नेमणुका जाहीर होत गेल्या तसतशा भाऊसाहेबांनी त्या एका जुन्या रजिस्टरात ‘कंत्राटी तत्त्वावर पुनर्नियुक्ती’ या मथळ्याखाली तारीखवार नोंदविल्या. परवाच भाऊसाहेब ते रजिस्टर काखोटीला मारून टपरीवर आले होते. इजलासापुढे त्यांचा प्रश्न एकच होता: दुखापत मूळ नोकरीत झाली आणि दुखणे कंत्राटी नोकरीत उमळले, तर औषधपाण्याच्या खर्चाची प्रतिपूर्ती कोणत्या लेखाशीर्षाखाली मागावयाची? वकीलसाहेबांनी मुदत मागितली आहे.